आयरिश लघुकथा कशी वाचावी: आधी जागा, मग प्रतीक

आयरिश लघुकथा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची अडचण सहसा भाषेची नसते. वाक्यं सोपी असतात, घटना मोजक्या असतात, आणि कथा संपल्यावर मनात येतं, ‘एवढंच?’ एक मुलगा जत्रेत उशिरा पोचतो. एक मुलगी बोटीत चढतच नाही. नवरा-बायको मेजवानीहून हॉटेलवर येतात आणि बाहेर बर्फ पडत राहतो. मग कुणीतरी सांगतं की यात प्रतीकं दडलेली आहेत. त्यानंतर वाचक प्रत्येक रंगाचा आणि प्रत्येक दिव्याचा अर्थ शोधत सुटतो, आणि कथा बाजूलाच राहते.

या कथांमध्ये प्रतीक जागेतून उगवतं, हे एकदा लक्षात आलं की वाचन बदलतं. रस्ता खरा असतो, नदी खरी असते, चुलीतली राख खरी असते. लेखक त्या वस्तूला आधी तिचं रोजचं काम करू देतो आणि अर्थ तिच्यावर हळूहळू साठत जातो. वाचकानेही त्याच क्रमाने जावं. त्यासाठी लागणारं सामान थोडंच आहे: एक कथा, एक कोरा कागद, पेन्सिल आणि आयर्लंडचा नकाशा. नकाशा मोबाइलवरचा चालेल.

कोणती कथा आधी घ्यावी

जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा संग्रह १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ कथा आहेत आणि सगळ्या डब्लिन शहरातल्या. हे शहर म्हणजे पक्षाघाताचं केंद्र आहे, असं जॉइसने प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं, आणि कथांमधली माणसं खरोखरच निघायला उठतात आणि जागच्या जागी थिजतात. हा संग्रह प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. सुरुवात ‘अॅरबी’ने करा. ती छोटी आहे, आणि या पद्धतीचा सराव करायला तिच्याइतकी योग्य कथा मला दुसरी माहीत नाही. ‘द डेड’चं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून अनेक जण थेट तिथेच उडी मारतात. तसं करू नका. ती संग्रहातली शेवटची आणि सर्वांत मोठी कथा आहे, आणि आधीच्या कथांमधल्या गल्ल्या पायाखालून गेल्या असतील तरच तिच्यातला बर्फ नीट जाणवतो.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय करा. काय घडलं आणि कुठे कंटाळा आला, एवढंच लक्षात ठेवा. कंटाळा आलेली जागा महत्त्वाची आहे. या लेखकांकडे वर्णन भरतीला घातलेलं नसतं, त्यामुळे जिथे आपण घाईने पुढे सरकलो तिथेच बहुधा काहीतरी निसटलेलं असतं.

दुसऱ्या वाचनात नकाशा काढा

‘अॅरबी’ नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर सुरू होते. हा रस्ता डब्लिनच्या उत्तर भागात आजही आहे, आणि जॉइसचं कुटुंब काही काळ तिथे राहत होतं. कथेतली गल्ली एका टोकाला बंद आहे आणि त्या टोकाशी एक रिकामं दुमजली घर उभं आहे. शाळा सुटते तेवढ्यापुरती वर्दळ होते, एरवी शुकशुकाट. हे कागदावर काढा. मग मुलाचं घर, समोर मँगन या मित्राच्या बहिणीचं घर, तिच्या पायऱ्या, तिथलं लोखंडी कुंपण. मुलगा दिवाणखान्याच्या जमिनीवर पालथा पडून, पडदा खिडकीच्या तळापासून इंचभर वर ठेवून, तिच्या दारावर नजर ठेवतो. ती बाहेर आली की हा पुस्तकं उचलून तिच्या मागे धावतो.

आता बाजार, जिथून तिच्यासाठी काहीतरी आणायचं मुलाने कबूल केलेलं असतं. ‘अॅरबी’ नावाचा बाजार डब्लिनमध्ये मे १८९४ मध्ये खरोखर भरला होता, एका रुग्णालयाच्या मदतीसाठी. कथेतला मुलगा बकिंगहॅम स्ट्रीटवरून स्टेशनाकडे जातो, जवळजवळ रिकाम्या गाडीच्या तिसऱ्या वर्गात बसतो, आणि गाडी मोडकळीस आलेल्या घरांमधून रखडत लिफी नदी ओलांडते. लिफी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि शहराचे दोन भाग करते. मुलगा उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला आहे. बंद गल्लीतून निघून, नदी पार करून, पूर्वेच्या, म्हणजे अरबस्तानच्या, नावाचा बाजार शोधायला. ही रेघ कागदावर ओढली की कथेचा अर्धा अर्थ समोर दिसतो. हा प्रवास आहे, याला नदी ओलांडावी लागते, आणि यात्रेकरू पोचतो तेव्हा दिवे मालवत आलेले असतात.

पैशांचाही हिशेब ठेवा. मुलाला दोन शिलिंगांचं नाणं मिळतं, म्हणजे तेव्हाचे २४ पेन्स. स्वस्त प्रवेशद्वार सापडत नाही म्हणून तो घाईघाईत एक शिलिंग देऊन आत शिरतो. शेवटी खिशात एक सहा पेन्सचं नाणं आणि दोन सुटे पेन्स उरतात. चिनी मातीच्या फुलदाण्यांसमोर तो उभा असतो तेव्हा त्याचं स्वप्न आठ पेन्सांवर आलेलं असतं. जॉइस याबद्दल एक शब्दही बोलत नाही, फक्त नाणी एकमेकांवर पडू देतो.

वस्तूंची यादी करा, पण अर्थ लगेच लिहू नका

कागदाच्या मागच्या बाजूला कथेतल्या वस्तू उतरवा. ‘अॅरबी’त ही यादी लांबते. मागच्या खोलीत वारलेला पाद्री, जो या घरात पूर्वी भाडेकरू होता. त्याची दमटलेली, पिवळी पडलेली पुस्तकं. रान माजलेल्या बागेत मधोमध सफरचंदाचं झाड आणि झुडपाखाली गंजलेला सायकलचा पंप. दिव्याच्या उजेडात उजळलेली मुलीची मान, केस आणि कुंपणावरचा हात. कोटाच्या भाराने हललेली खुंटाळी.

नवशिक्याची घाई इथे होते. बागेत सफरचंद म्हणजे बायबलमधली एदनची बाग, संपलं. शक्यता आहे खरी, पण मग पंप तिथे का? आधी साधा अर्थ घ्या: म्हाताऱ्या माणसाच्या मागे कुणीही न सांभाळलेली ती बाग आहे. जिथे धर्माचा माणूस राहत होता तिथे आता कोंदट हवा आणि गंज उरला आहे. एवढं नीट पाहिलं की एदनची सावली आपोआप पडते, आणि ती एका पडक्या बागेवर पडते म्हणून वेगळी दिसते. प्रतीकांचे तयार कोश, पाणी म्हणजे जीवन आणि बर्फ म्हणजे मृत्यू अशा याद्या, नव्या वाचकाचं नुकसान करतात असं माझं ठाम मत आहे. त्यातला अर्थ कुठल्याही कथेला चिकटवता येतो, म्हणून या एका कथेबद्दल तो काहीच सांगत नाही.

यादी झाली की त्यातल्या कोणत्या वस्तू एकमेकांना हाक मारतात ते पाहा. मावशीबरोबर शनिवारी बाजारात जाताना मुलगा दारुडे, शिव्या देणारे मजूर, डुकराच्या गालांनी भरलेली पिंपं राखणारी पोरं यांच्या गर्दीतून चालतो, आणि त्याला वाटतं आपण शत्रूंच्या घोळक्यातून पवित्र प्याला जपून नेतो आहोत. शेवटी अॅरबीच्या दालनात शिरल्यावर प्रार्थना संपल्यानंतरच्या चर्चसारखी शांतता त्याला जाणवते, आणि त्या शांततेत दोन माणसं तबकात पैसे मोजत असतात. पाद्र्याची खोली, प्याला, चर्चची शांतता, तबकातली नाणी, ही एकच साखळी आहे. या मुलाकडे प्रेमासाठी धर्माशिवाय दुसरी भाषा नाही. ती भाषा त्याने एका मेलेल्या पाद्र्याच्या घरात श्वासाबरोबर घेतली आहे, आणि ती घेऊन तो एका दुकानापर्यंत पोचतो.

काकाचा प्रसंगही पुन्हा वाचा. बाजाराला जायला पैसे देणारा काका रात्री नऊला येतो. कुलपात किल्ली फिरते, तो स्वतःशी पुटपुटतो, कोटाचं ओझं पडून खुंटाळी डुलते. मुलगा म्हणतो, या खुणांचा अर्थ मला कळत होता. काका पिऊन आला आहे, हे वाक्य कुठेही नाही. कथेतला मुलगाच आपल्याला दाखवतो आहे की खूण कशी वाचायची: आधी आवाज, मग हालचाल, मग निष्कर्ष.

एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर ती कथेतून काढून पाहा. खुंटाळी काढली तर काकाची अवस्था कळत नाही, म्हणून ती हवीच. एखादी वस्तू काढूनही काही हलत नसेल तर ती जागेचा भाग आहे, आणि तिला तसंच राहू द्यावं.

उजेड आणि वेळ

आपल्याकडच्या वाचकाला हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. ‘अॅरबी’तली मुलं दिवसाचं जेवण धड संपवायच्या आतच संधिप्रकाश उतरतो, ते त्यामुळे. इंग्रजी कथेत ‘संध्याकाळ’ आली की आपल्याला दिवेलागणीची साडेसहा-सातची वेळ आठवते. इथे दुपारच संपलेली असते, आणि खेळायचं ते अंधारातच खेळायचं असतं. म्हणून खिडकीतून पडणारा एखादा दिवा या कथांमध्ये इतका लक्ष वेधतो.

‘इव्हलिन’ अशीच रस्त्यावर उतरणाऱ्या संध्याकाळीने सुरू होते. मुलगी खिडकीशी बसली आहे, नाकात पडद्याच्या धुळीचा वास. ती फ्रँक नावाच्या खलाशाबरोबर ब्युनोस आयर्सला निघणार आहे. नकाशा काढायला बसाल तर लक्षात येईल की जवळजवळ पूर्ण कथाभर ती त्या खिडकीपासून हललेलीच नाही. मग एकदम नॉर्थ वॉलचा धक्का, बोटीचा काळा आकार, आणि तिचे दोन्ही हात लोखंडी कठड्यावर आवळलेले. दिव्याखाली उभी असलेली मँगनची बहीणही लोखंडी कुंपणाचा टोकदार गज धरूनच बोलत होती. एका संग्रहातल्या दोन कथांत एकच वस्तू दोन मुलींच्या हातात आली, तर तिथे खूण करून ठेवा.

थोडा इतिहास, आणि बॉग म्हणजे काय

फार तारखा पाठ करायची गरज नाही. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या रोगाने मोठा दुष्काळ पडला, सुमारे १० लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर जाणं थांबलंच नाही. १८९० मध्ये आयरिश स्वराज्यासाठी लढणाऱ्या चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल या नेत्याचं राजकारण एका घटस्फोटाच्या खटल्याने कोसळलं आणि ६ ऑक्टोबर १८९१ रोजी तो वारला. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १९१६ चा उठाव, १९१९ ते १९२१ चं स्वातंत्र्ययुद्ध, मग १९२२-२३ ची यादवी. १९२९ मध्ये पुस्तकांवर सेन्सॉरशिपचा कायदा आला. शॉन ओ’फेलॉन, फ्रँक ओ’कॉनर, एडना ओ’ब्रायन या लेखकांच्या पुस्तकांवर बंदी आली. ज्या समाजात सगळं उघड लिहिता येत नाही, तिथे खोली, रस्ता आणि शेत यांना बोलावं लागतं.

पार्नेलची तारीख माहीत नसेल तर जॉइसची ‘आयव्ही डे इन द कमिटी रूम’ पूर्ण हातची जाते. ६ ऑक्टोबरला त्याचे अनुयायी कोटाला आयव्ही या वेलीचं पान लावत. कथेत निवडणुकीच्या प्रचाराची माणसं थंडगार खोलीत शेकोटीभोवती बसून मजुरीची आणि दारूच्या बाटल्यांची वाट पाहतात. पान कोटावर आहे, निष्ठा कुठे आहे, एवढाच प्रश्न त्या खोलीत फिरत राहतो.

चालीरीतींचंही तसंच. जॉइसच्याच ‘क्ले’ या कथेत हॅलोविनच्या रात्री मारिया नावाच्या प्रौढ बाईच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला बशांपैकी एकीला हात लावायला सांगतात. अंगठी लागली तर लग्न, प्रार्थनेचं पुस्तक लागलं तर मठ, पाणी लागलं तर परदेशप्रवास. तिच्या बोटांना काहीतरी मऊ, ओलं लागतं आणि खोलीत शांतता पसरते. ते काय होतं हे कुणीच बोलत नाही. ‘क्ले’, म्हणजे ओली माती, हे शीर्षक बोलतं. हा खेळ त्या घरांत खरोखर खेळला जाई, म्हणून तो प्रसंग बेतलेला वाटत नाही.

आता बॉग. ही मध्य आणि पश्चिम आयर्लंडभर पसरलेली ओली, काळी, स्पंजासारखी दबणारी जमीन. हजारो वर्षांत न कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून ती बनते. त्यातून विटांसारखे तुकडे कापून, सुकवून चुलीत जाळतात. त्याला तिथे टर्फ म्हणतात. म्हणजे घरातली ऊब आणि बाहेरची ओसाडी ही एकाच जमिनीची दोन रूपं आहेत.

हे डोक्यात ठेवून फ्रँक ओ’कॉनरची १९३१ सालची ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ वाचा. स्वातंत्र्ययुद्धाच्या दिवसांत बेल्चर आणि हॉकिन्स हे दोन इंग्रज सैनिक एका म्हातारीच्या घरात कैदेत आहेत, आणि त्यांच्यावर पहारा देणारी आयरिश पोरं संध्याकाळी त्यांच्याबरोबर पत्ते खेळतात. पहिल्याच वाक्यात बेल्चर राखेतून आपले लांब पाय मागे ओढतो. चुलीशी पाय पसरून बसणारा माणूस कैदी वाटत नाही, घरचा वाटतो. तो म्हातारीची कामंही करतो. मग वरून हुकूम येतो, आणि दोघांना कंदिलाच्या उजेडात बॉगच्या टोकाशी नेऊन गोळ्या घालतात. चुलीपासून बॉगपर्यंतचं अंतर चालत जाण्याइतकं आहे, आणि कथेतली सगळी भीती त्या अंतरात आहे. शेवटी पहारेकऱ्यांपैकी नोबल चुलीजवळ गुडघे टेकतो, म्हातारी दाराशी प्रार्थना करते, आणि निवेदक, तोही पहारेकरीच, बाहेर उभा राहतो. कोण कुठे उभं आहे ते कागदावर मांडा. निवेदकाला आता घरात जागा उरलेली नाही, हे कुणी न सांगता दिसेल.

ओ’कॉनरनेच पुढे लघुकथेवर लिहिताना म्हटलं की ही समाजाच्या कडेला पडलेल्या माणसांची कला आहे. त्याच्या स्वतःच्या निवेदकाला तो अक्षरशः उंबऱ्याबाहेर उभा करतो.

पश्चिमेकडे बघायला शिका: ‘द डेड’

आयर्लंडच्या कथांमध्ये दिशेला वजन असतं. पूर्वेला समुद्रापलीकडे इंग्लंड आणि युरोप. पश्चिमेला गॉलवे, अॅरन बेटं, तग धरून राहिलेली आयरिश भाषा, दुष्काळाने सर्वांत जास्त ओरबाडलेली खेडी, आणि मावळतीचा समुद्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाषाप्रेमी शहरी लोकांना पश्चिमेत खरा आयर्लंड दिसत होता. त्याच पश्चिमेतून तरुण माणसं मात्र अमेरिकेला जात होती.

‘द डेड’मध्ये गेब्रिएल कॉनरॉय नाताळच्या सुमारास लिफीकाठच्या अशर्स आयलंड या रस्त्यावर, आपल्या मावश्यांच्या वार्षिक मेजवानीला येतो. तिथे मिस आयव्हर्स ही आयरिश भाषेची कैवारी पाहुणी त्याला अॅरन बेटांवर चलण्याचा आग्रह करते. तो सायकलवरून युरोपात फिरायला जाणार असतो. त्याची बायको ग्रेटा गॉलवेची. ती आनंदाने म्हणते, मला पुन्हा गॉलवे बघायचं आहे. गेब्रिएल थंडपणे सांगतो, तुला हवं तर तू जा. हे वाक्य अधोरेखित करा.

मग रबरी गलोश बघा, बुटांवर चढवायचे. युरोपात सगळे वापरतात म्हणून गेब्रिएल बायकोलाही ते घालायला लावतो, आणि त्या रात्री ती नकार देते. प्रसंग हलकाफुलका आहे, मावश्या हसतात. मेजवानी संपताना ग्रेटा जिन्यात थांबून वरून येणारं एक जुनं गाणं ऐकते. पुढे ग्रेशम हॉटेलच्या खोलीत ती सांगते, हे गाणं मायकेल फ्युरी म्हणायचा. १७ वर्षांचा, गॅसच्या कारखान्यात कामाला, आजारी. ती गॉलवे सोडणार त्याच्या आदल्या रात्री तो बागेच्या टोकाशी पावसात भिजत उभा राहिला, आणि आठवड्याभरात गेला. एका बाजूला बायकोचे पाय भिजू नयेत म्हणून गलोश आणणारा नवरा, दुसऱ्या बाजूला तिच्यासाठी भिजलेला मुलगा. रबरी बुटाला आता जो अर्थ आला आहे तो कुठल्याही प्रतीककोशात सापडणार नाही.

आणि बर्फ. आयर्लंड समुद्राने वेढलेलं, सौम्य हवामानाचं बेट आहे. पाऊस रोजचा, देशभर बर्फ ही बातमी. मावश्यांची भाची मेरी जेन मेजवानीत ती बातमीच सांगते: वर्तमानपत्रात आलं आहे, साऱ्या आयर्लंडभर बर्फ पडतो आहे. शेवटच्या परिच्छेदात गेब्रिएल खिडकीबाहेर पाहतो तेव्हा हेच वाक्य परत येतं, आणि त्यातून नजर पश्चिमेकडे सरकत जाते: मधलं मैदान, अॅलनची बॉग, शॅनन नदीच्या लाटा, आणि मायकेल फ्युरी पुरला आहे ती दफनभूमी. नकाशावर बोट ठेवून हा परिच्छेद वाचा. बोट डब्लिनहून गॉलवेकडे जाईल. ज्या दिशेला जायला त्याने नकार दिला होता, त्याच दिशेला तो मनाने निघाला आहे. तो मरणाकडे निघाला आहे की जगण्याकडे, यावर वाचक शंभर वर्षं भांडत आहेत, आणि मला दोन्ही बाजू पटतात, कारण त्या पश्चिमेत दोन्ही गोष्टी होत्या.

पुढे काय वाचावं

लिअम ओ’फ्लाहर्टी अॅरन बेटांवरच जन्मला, १८९६ मध्ये. त्याची ‘गोइंग इन्टू एक्झाइल’ घ्या. अमेरिकेला जाणाऱ्यांना रात्रभर नाचगाण्याने निरोप देत, आणि त्या रात्रीला मृताच्या जागरणाचं नाव देत. कथेतला मुलगा घर सोडताना भिंतीवरच्या चुन्याचा सुटलेला पापुद्रा खिशात टाकतो. जॉर्ज मूरच्या १९०३ सालच्या ‘द अनटिल्ड फील्ड’मधली ‘होम सिकनेस’ तिच्याच शेजारी ठेवून वाचा, तिथे माणूस न्यू यॉर्कहून परत येतो. मेरी लॅव्हिनच्या मीथ परगण्यातल्या शेतांच्या कथा थोड्या सवयीनंतर वाचाव्यात, कारण त्यातली जागा फार हळू बोलते.

मार्गदर्शनाशिवाय सरावाला विल्यम ट्रेव्हरची १९७२ सालची ‘द बॉलरूम ऑफ रोमान्स’ योग्य आहे. झाडं नसलेल्या बॉगच्या मधोमध, रस्त्याकडेला एकटं उभं गुलाबी नृत्यगृह, आणि पाय गमावलेल्या वडिलांना सांभाळून दर शनिवारी सायकलने तिथे येणारी ३६ वर्षांची ब्रायडी. तिला आवडलेला मुलगा कधीच इंग्लंडला निघून गेला आहे. कथा वाचून झाल्यावर कागदावर तीन गोष्टी लिहा: ती कुठून कुठे गेली, वाटेत तिच्या हातात काय होतं, आणि परत येताना कोण बरोबर होतं. तिसरं उत्तर लिहिताना ते नृत्यगृह गावाबाहेर का बांधलं असेल, याचाही विचार करा.